सगळ्यांनी लिहिलेला अग्रलेख

"वनिता, रामटेके नाही आला का अजून?" अण्णाजींनी आपल्या टेबलावरून विचारलं.

"नाही आला," मी म्हटलं.

गुरुवारची सकाळ होती, आणि गुरुवारी शालिक रामटेके यायचा म्हणजे यायचाच. पाऊस असो, बंद असो, सायकल पंक्चर असो. त्याचं 'पडताळा' नावाचं चार पानी साप्ताहिक होतं. स्वतःचा प्रेस नव्हता, म्हणून ते आमच्याकडे छापलं जायचं. आमचं 'वैनतीर' हे सायंदैनिक. दुपारी छापायचं, संध्याकाळी विकायचं. अण्णाजी हटवार मालक आणि संपादक, आणि मशीनवरचा माणूस आला नाही तर मशीनवरही तेच. मी उपसंपादक. म्हणजे बातम्या लिहायच्या, प्रूफं वाचायची, फोन उचलायचा आणि अण्णाजींच्या औषधाची आठवण ठेवायची.

वैनपूर जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी तेव्हा गावात एकूण तीनच दैनिकं होती, आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. शालिकचं तर कुणाशीच नाही. अण्णाजींबद्दल त्यानं एकदा 'जाहिराती वाचून मत ठरवणारे संपादक' असं लिहिलं होतं. ते वाक्य आमच्याच शिशाच्या अक्षर-खिळ्यांनी जुळवलं गेलं, आमच्याच मशीनवर छापलं गेलं. अण्णाजींनी छापून दिलं आणि कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "माझ्याच चुलीवर माझीच भाजी करून राहिला हा माणूस," एवढंच मला म्हणाले.

प्रूफं वाचायला तेव्हा दोन माणसं लागायची. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. 'पडताळा'ची प्रूफं शालिक वाचायचा आणि मी तपासायची. विरामचिन्हांसकट वाचावं लागतं ते. त्यामुळे त्याचे सगळ्यात जळजळीत लेख मी असे ऐकलेत: "राखेचा बांध फुटला स्वल्पविराम बांध बांधणारे सुटले पूर्णविराम." आवाजात चढ नाही, उतार नाही. चूक सापडली की मी बोट वर करायची, तो थांबायचा. चहा गार व्हायचा. त्या आवाजाची मला सवय झाली होती. निदान मी तिला सवय म्हणत होते.

त्या आठवड्यात त्याचा विषय खैरटोल्याचा होता. विजेच्या कारखान्याच्या राखेचा बांध फुटून तो टोला, म्हणजे लहानशी वस्ती, अर्धा गाडला गेला होता. एक बाई आणि तिची दोन लेकरं 'कामानिमित्त बाहेरगावी गेली आहेत' असं सरकारी पत्रक सांगत होतं. ती तिघं कुठं आहेत असं शालिकनं विचारलं होतं, आणि राखेखाली कुठल्या झाडाजवळ शोधा तेही आधीच्या अंकात छापलं होतं. मग टोल्यातली माणसं कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसली, लाठ्या चालल्या, आणि पेपरांत आलं की वातावरण चिघळलं.

अकराच्या सुमारास शालिकऐवजी एक शिपाई आला. त्यानं एक टंकलिखित कागद अण्णाजींच्या टेबलावर ठेवला, पोच घेतली आणि गेला. अण्णाजींनी चष्मा लावला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद मला दिला.

'शांततेस भादा आणणारा व दोन गटांत तेढ निर्माण करणारा इसम नामे शालिक हिरामण रामटेके यास प्रतिबंधक कायद्यान्वये स्थानबद्ध करण्यात आले आहे.'

पहाटे कधीतरी नेलं असावं. कुठल्या तुरुंगात, किती दिवस, काही नव्हतं.

"आतल्या पानावर टाक," अण्णाजी म्हणाले. "जसंच्या तसं."

"आपण त्याला इसम म्हणायचं?"

"पत्रक पोलिसांचं आहे. आपण काही म्हणून नाही राहिलो."

"पण छापणार आपण."

"वनिता," ते म्हणाले, "तुला पगार पाहिजे का नको?" आणि लगेच त्यांनाच ते बरं वाटलं नाही. खिडकीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी 'वैनपूर समाचार' आला, 'अरुणप्रभा' आला. दोघांनीही तेच पत्रक छापलं होतं, आणि इतकं जसंच्या तसं की 'बाधा'च्या जागी 'भादा' तसंच राहिलं होतं. आमच्या अंकात तेवढा शब्द मी दुरुस्त केला होता. त्या दिवशी शालिकसाठी माझ्याच्यानं झालं ते एवढंच.

शनिवारी सकाळी ठाणेदार स्वतः आले. त्यांच्यामागे दोन शिपाई.

"'पडताळा'ची जुळवलेली पानं कुठं आहेत?"

ती आतल्या दगडी टेबलावर होती. अडीच पानं जुळून झाली होती, दोऱ्यानं बांधून पत्र्यांवर ठेवलेली. अण्णाजी उठून मध्ये उभे राहिले. भांडायला नव्हे, त्यांचा आवाज नम्रच होता.

"साहेब, जप्त करायची असतील तर पंचनामा करा आणि घेऊन जा. माझी काही हरकत नाही."

"कशाला एवढा व्याप?" ठाणेदार हसले. त्यांनी एका हातानं पत्र्याची कड उचलली आणि सगळं पान जमिनीवर ओतलं. मग दुसरं. मग ते अर्धं. खिळ्यांचा आवाज गारा पडल्यासारखा झाला.

"झालं. आता लावा एकेक खिळा आपापल्या खणात," ते म्हणाले आणि गेले.

अण्णाजींचे वडीलही छापखानेवालेच. अण्णाजी लहानपणी खिळ्यांच्या खणांत हात घालूनच अक्षरं शिकले होते. ते हळूच खाली बसले, मांडी घातली, आणि एक एक खिळा उचलून तळहातावर ठेवायला लागले. मीही बसले. 'ळ' आणि 'ज्ञ' आणि काने-मात्रा, सगळी राख झाल्यासारखी.

"माझ्या बापाच्या वेळी इंग्रजांचे शिपाई यायचे," ते खाली बघत म्हणाले. "कुलूप लावून जायचे. पण जुळलेलं पान असं कुणी सांडलं नव्हतं."

मी पुढचा खिळा उचलला.

"लिही तू," ते म्हणाले.

"काय?"

"शालिकवर. अग्रलेख लिही. मी लिहिला तर त्यात माझाच राग येईल. अन् मी त्याला ओळखतो कुठं? इतकी वर्षं येऊन राहिला इथं, भांडणाशिवाय काही बोललो नाही त्याच्याशी. तू त्याच्यासमोर बसतेस."

मी त्या दुपारी लिहायला बसले. पहिले तीन कागद फाडले. त्या तिन्हींमध्ये जे आलं होतं, ते अग्रलेखात येत नाही. मग शालिक कसा वाचायचा ते आठवलं आणि तसं लिहायचं ठरवलं, चढ-उतार न ठेवता. तो खैरटोल्याला सायकलनं जातो, हे लिहिलं. ज्याच्यावर टीका करतो त्याचं उत्तर तो तेवढ्याच जागेत, तेवढ्याच टाइपात छापतो, हे लिहिलं. त्यानं कुणाला दगड उचलायला सांगितलं नाही. तीन माणसं कुठं आहेत, एवढंच विचारलं, हे लिहिलं. आणि शेवट असा केला की तोच प्रश्न आज आम्ही त्याच्याबद्दल विचारतो आहोत: शालिक रामटेके कुठं आहेत?

अण्णाजींनी उभ्यानंच वाचलं. पेन्सिल घेऊन एक शब्द खोडला.

"इथं 'आपला शालिक' आलंय. 'आपला' काढून टाकतो. चालेल?"

"चालेल."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्यांना दोन मुली होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. मग म्हणाले, "अग्रलेखाखाली नाव नसतं, बाई. बरंच आहे ते."

मला वाटलं सोमवारी छापतील. पण रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. वडिलांना म्हणाले, "कामाचं आहे, तासाभरात आणून सोडतो." मला रिक्षात बसवून थेट 'वैनपूर समाचार'च्या देवपुजारींच्या घरी घेऊन गेले.

अण्णाजी आणि बाळकृष्णपंत देवपुजारी एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नव्हते. एकानं दुसऱ्यावर बदनामीचा खटला घातला होता, कुणी कुणावर ते गावही विसरलं होतं. देवपुजारी ओसरीत तेल लावून बसले होते, आंघोळीच्या तयारीत. अण्णाजींना बघून त्यांनी पंचा खांद्यावर ओढला.

"या हटवार. कोणी गेलं का?"

"कोणी गेलं नाही. हे वाचा."

देवपुजारींनी वाचलं. वाचताना ओठ हलत होते.

"हे तुम्ही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला इतकं साधं लिहिता येत नाही."

"नाही येत," अण्णाजी म्हणाले. "पण लिहिलं मीच आहे."

देवपुजारींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आतून काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या.

"तुम्ही एकट्यानं छापलं तर उद्याच तुमच्या दाराला कुलूप लागेल," शेवटी ते म्हणाले.

"म्हणून तर आलो."

"म्हणजे मी पण छापू? तुमचा अग्रलेख? माझ्या पेपरात?"

"माझा नाही. तुमचा पण. अक्षर बदलायचं नाही, मंगळवारी दोघांनी एकदमच छापायचं."

"दोघांनी कशाला?" देवपुजारी उठले. तेल पुसलेला हात त्यांनी फोनवर ठेवला. "'अरुणप्रभा'ला मी सांगतो. अन् जिल्ह्याबाहेरचे? तो काय फक्त आपला आहे?"

त्या दिवशी मी त्यांच्या बैठकीत बसून दुपार होईपर्यंत ट्रंककॉलवर तो लेख वाचला. देवपुजारी आणि अण्णाजी आळीपाळीनं फोन लावायचे, दोन वाक्यांत सांगायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. पलीकडे कुणीतरी कागद-पेन घेऊन बसलेलं असायचं. अकोला, वर्धा, यवतमाळ, लातूर. लाइन खरखरायची, म्हणून ओरडून वाचावं लागायचं. स्वल्पविराम. पूर्णविराम. परिच्छेद. जे मी त्याच्यासमोर बसून कधी हळू आवाजातही म्हटलं नव्हतं, त्यातलं जेवढं छापण्याजोगं होतं तेवढं मी त्या दिवशी अनोळखी माणसांना ओरडून ऐकवत होते, पुन्हा पुन्हा, अक्षर न बदलता.

सगळ्यांनी घेतला असं नाही. एका मोठ्या शहरातल्या संपादकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाषा छान आहे, पण आम्हाला तुमच्या भागातलं काही माहीत नाही." एकानं मध्येच फोन ठेवला. एकानं 'रामटेके' हे आडनाव दोनदा विचारलं आणि मग, "बघतो," म्हणाला. पण एक म्हातारे संपादक होते, आवाजावरून फार थकलेले वाटले. त्यांनी स्वतः लिहून घेतलं. मध्येच पलीकडून काही ऐकू येईना.

"लाइन तुटली का?" मी ओरडले.

"नाही नाही, आहे मी. बाई, तुमचे कोण हे रामटेके?"

देवपुजारी आणि अण्णाजी दोघंही समोर बसले होते.

"आमच्या प्रेसमध्ये येतात," मी म्हटलं.

"असं," ते म्हणाले. "चला, पुढं सांगा."

मंगळवारी वैनपुरात तिन्ही पेपरांत तो एकच अग्रलेख होता. बाहेरच्या दहा-बारा पेपरांतही आला. कुणी पहिल्या पानावर चौकटीत घेतला, कुणी पत्रव्यवहारात ढकलला. एका साप्ताहिकानं भीतीनं शेवटचा परिच्छेद गाळला, आणि तिथं तेवढीच कोरी जागा ठेवली. ती जागा बघूनच लोकांनी विचारायला सुरुवात केली.

ठाणेदार परत आले. या वेळी अण्णाजींनी त्यांना खुर्ची दिली.

"कोणी लिहिला?"

"मी," अण्णाजी म्हणाले.

"देवपुजारी म्हणतात त्यांनी लिहिला. 'अरुणप्रभा'वाले म्हणतात त्यांनी. मी अकोल्याला विचारलं, तिथंही तेच."

"मग असेल तसंच."

"हटवार, एक लेख इतकी माणसं कसा लिहितील?"

"साहेब, तुमचं पत्रक नाही का तिन्ही पेपरांनी एकदम लिहिलं होतं?" अण्णाजी म्हणाले. "दोघांनी तर चुकीसकट?"

मी समोर बसून प्रूफ तपासत होते. मान वर करायची नाही असं मला अण्णाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. पेन कागदावर टेकवून धरला होता. सरकारी जाहिराती त्या आठवड्यापासून बंद झाल्या. 'वैनतीर' चार पानांवरून दोनवर आलं. अण्णाजी त्याबद्दल माझ्याजवळ कधीच काही बोलले नाहीत.

मग वाट बघणं सुरू झालं. शालिक दूरच्या एका तुरुंगात आहे हे हळूहळू कळलं. विधानसभेत कुणी प्रश्न विचारला. खैरटोल्यात राख उपसली गेली आणि ती तिघं सापडली. पण तो सुटला नाही. गुरुवार येत राहिले. मी प्रूफं एकटीच वाचायला लागले, मनातल्या मनात. त्या आवाजात वाचायला गेलं की पुढचं दिसायचं नाही.

एकदा मी त्याला भेटायला गेले. घरी मैत्रिणीच्या लग्नाचं सांगितलं. सकाळच्या पहिल्या बसनं निघाले आणि तुरुंगाच्या फाटकावर दुपारी पोचले. रांगेत सगळ्या आया, बायका, लेकरं. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, मग विचारलं, "नातं?"

मी हातातल्या पेरूंच्या पिशवीकडे बघितलं.

"बहीण?"

"नाही."

"घरधनीण?"

"नाही."

"मग कोण तुम्ही त्यांच्या?"

"आम्ही सोबत प्रूफं वाचतो," मी म्हटलं.

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "असं नातं इथं चालत नाही, बाई. जवळचं कुणी असेल त्याला पाठवा." मी पेरू नेले होते. तेही घेता येत नाहीत म्हणाला. फाटकासमोर एक म्हातारी आपल्या नंबराची वाट बघत बसली होती, तिच्या नातवाला दिले. परतीची बस लागेपर्यंत मी त्या भिंतीला लागून असलेल्या रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. आत कुठल्या बाजूला असेल, उभा असेल की बसलेला, काही कळायला मार्ग नव्हता. पण तेवढा वेळ तो आणि मी एकाच गावात होतो. मला तेही पुष्कळ वाटलं.

उन्हाळा लागता लागता न्यायाधीशांच्या सल्लागार मंडळानं त्याची स्थानबद्धता रद्द केली. आणि त्याच आठवड्यात त्याला जिल्ह्यातून दोन वर्षं तडीपार केल्याचा आदेश निघाला. सामान घ्यायला एक दुपार वैनपुरात येता येईल, सोबत पोलीस राहील, संध्याकाळच्या आत हद्द सोडायची.

तो आला तेव्हा आमचा अंक मशीनवर होता. दारात उभा राहिला. केस बारीक कापलेले, सदरा अंगात सैल. मागे एक वयस्क जमादार घाम पुसत उभा. मी उठले आणि पुन्हा बसले.

अण्णाजी मशीन थांबवून बाहेर आले. हात शाईनं काळे. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"अण्णाजी, तो अग्रलेख..."

"मी लिहिला," अण्णाजी म्हणाले, जमादाराला ऐकू जाईल असं.

शालिक हसला. "देवपुजारींकडे आत्ताच जाऊन आलो. तेही हेच म्हणाले."

"त्याची सवय आहे दुसऱ्याचं ढापायची," अण्णाजी म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "तू माझ्याबद्दल लिहिलं होतंस नं, जाहिरातींचं. ते खरं होतं."

"होतं," शालिक म्हणाला. "आता नाही. छापायला पाहिजे तसं."

"राहू दे. जेवलास का?"

तो जेवला होता. अण्णाजींनी 'पडताळा'चे जुने अंक बांधून ठेवले होते, ते त्याला दिले. आणि मला म्हणाले, "वनिता, अंक निघायला वेळ आहे. स्टँडपर्यंत जाऊन ये याच्यासोबत. मला तिकडून नागपूरचे पेपर आणून दे." नागपूरचे पेपर सकाळीच येऊन पडले होते.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी त्या स्टँडवरच थांबायचं आहे.

दोन वर्षं संपली तेव्हा शालिक तिकडे पश्चिमेकडच्या गावांत गुंतला होता, धरणाखाली जाणाऱ्या. 'पडताळा' तिथून निघायला लागला. त्याला आणखी दोनदा धरलं. इकडे माझे वडील अर्धांगानं पडले, भावंडं शिकत होती. आमच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. जात आडवी होती, आणि पोलिसांची भीती तर होतीच. नंतर अण्णाजी थकले आणि 'वैनतीर' माझ्या हाती आलं. दोन टोकांना दोन कामं, आणि दोन्ही सोडून येण्यासारखी नव्हती. 'तू ये' असं तो म्हणाला नाही, मीही म्हणाले नाही. वर्ष-दोन वर्षांनी भेटायचो, पत्रकारांच्या अधिवेशनात, चार लोकांत. व्यासपीठावरून तो ती गोष्ट हमखास सांगायचा. "माझ्यावर अग्रलेख लिहिणारे इतके संपादक मला भेटले, प्रत्येक जण म्हणतो मीच लिहिला. खरा कुणी लिहिला ते मला आजतागायत माहीत नाही." लोक हसायचे. ते सांगताना तो सभागृहात सगळीकडे बघायचा, फक्त मी बसले असेन त्या बाजूला नाही. त्यानं लग्न केलं नाही. मीही नाही. गेल्या वर्षी तो गेला.

पण त्याला माहीत होतं.

स्टँडवर बसायला एकच बाक रिकामा होता. जमादार आमच्या दोघांच्या मध्ये बसला. ऊन मी म्हणत होतं. समोर उसाच्या रसाचं चाक फिरत होतं. मला कितीतरी विचारायचं होतं, आणि मध्ये ते खाकी गुडघे.

"आत पेपर मिळायचे का?" मी विचारलं.

"मिळायचे. पण आमच्याबद्दलच्या मजकुरावर काळी शाई फासून." तो समोर बघत बोलत होता. "तो अग्रलेख पहिल्यांदा आला तो अर्धा काळा. मग दुसऱ्या गावचा पेपर आला. त्यात शाई वेगळ्या ठिकाणी. तिसऱ्यात आणखी वेगळ्या. तिन्ही मिळून सगळा वाचून झाला."

जमादार हसला. "बरं डोकं चालवलं."

"एक वाक्य मात्र तिन्ही ठिकाणी शाबूत होतं," शालिक म्हणाला. "त्यावर कुणालाच शाई फासावीशी वाटली नाही."

मी रसाच्या चाकाकडे बघत राहिले.

"'रामटेके यांना घरदार नाही, त्यांची वाट पाहणारं कोणी नाही, म्हणून त्यांच्याबद्दल गावानं विचारायला हवं.'" त्यानं ते नेहमीच्याच आवाजात म्हटलं. "वनिताबाई, ज्यानं लिहिलं तो कधी भेटला तर त्याला एक विचाराल? हे त्याला नक्की माहीत होतं का?"

"कोणी लिहिला होता तो?" जमादारानं विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही, जमादार."

चाक फिरत होतं.

"विचारायला नको," मी म्हटलं. "ते वाक्य चुकलेलं आहे."

"छपाईत?"

"नाही. लिहितानाच. लिहिणाऱ्याला तेव्हाच माहीत होतं."

हातातल्या गठ्ठ्याची सुतळी शालिकनं सोडली आणि पुन्हा बांधली.

"मग खुलासा छापावा लागेल," तो म्हणाला.

"आत्ता नाही छापता यायचा."

"नको. आत्ता नको." त्यानं पहिल्यांदाच जमादाराच्या पलीकडून वाकून माझ्याकडे पाहिलं. "पण चुकलेलं आहे, एवढं कळलं. पुष्कळ झालं."

बस लागली. जमादारानं त्याला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः पलीकडे बसला. मी खिडकीखाली उभी राहिले. कंडक्टरनं घंटी दिली.

"तू जा आता," शालिक म्हणाला. "ऊन लागेल."

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा तू म्हटलं होतं. बस मागे आली, वळली, आणि धुरळ्यात नदीच्या रस्त्याला लागली. मी गेले नाही. ऊन लागत होतं, तरी उभी राहिले.

अण्णाजी नाहीत, देवपुजारी नाहीत, आणि आता तोही नाही. विचारायला येईल असं कुणी राहिलेलं नाही. म्हणून तो खुलासा आज देते आहे: शालिक रामटेके यांची वाट पाहणारं कोणी नाही, असं आमच्या अंकात छापलं गेलं होतं, ते चूक होतं. होतं कुणीतरी. अजूनही आहे.